सासूबाईंचं श्रॉपशरमधलं माहेर शोधताना

घराण्याच्या पुस्तिकेसाठी तुम्ही विचारलेल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत, त्या आधी एकत्र मांडते. सासूबाईंचं माहेरचं घराणं इंग्लंडच्या श्रॉपशर काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्हा), श्रूसबरी शहराच्या उत्तरेकडच्या एका लहान खेड्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी करणारं. इंटरनेटवर कुणीतरी त्यांचा वंशवृक्ष थेट १५६० पर्यंत नेऊन ठेवलाय, तो खरा मानावा का? मजुरांच्या घराबद्दल नावं आणि तारखांपलीकडे काही हाती लागतं का? आणि १८६१ च्या जनगणनेत आजोबांकडे राहणाऱ्या एका लहान नातीचं जन्मस्थान ‘पूना, ईस्ट इंडीज’ असं नोंदवलंय, तिचा माग कसा काढायचा?

माझं सांगणं एवढंच की आडनाव धरून मागे पळू नका, आधी ते सगळं गाव कागदावर उभं करा. इंग्लंडमधल्या खेड्यात पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, म्हणजे नुसतं चर्च नव्हतं. गरिबांना पोसायचं, रस्ते दुरुस्त करायचे, पट्टी गोळा करायची, बाहेरच्याला हद्दीबाहेर घालवायचं, ही सगळी कामं पॅरिशकडे होती. म्हणून एका माणसाबद्दल काही कळायला हवं असेल तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही चौकशी करावी लागते.

आता तो १५६० चा वंशवृक्ष. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवा असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सुरुवातीच्या नोंदी सुट्या कागदांवर असायच्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा ‘निदान एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून तरी’ अशी सवलत मिळाली. म्हणून असंख्य खेड्यांच्या वह्या नेमक्या १५५८ ला सुरू होतात. त्या काळी एका नोंदीत असायचं काय? ‘जॉन, जॉनचा मुलगा, बाप्तिस्मा’, बास. आईचं नावही बऱ्याचदा नाही. पुढे १६४२ नंतर राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात अनेक ठिकाणी वह्या अर्धवट राहिल्या. १६५३ ते १६६० मध्ये नोंदीचं काम पाद्रींकडून काढून निवडलेल्या नोंदणीदाराकडे दिलं, तेव्हा कुठे बाप्तिस्म्याऐवजी जन्म लिहिले गेले, कुठे काहीच नाही. ही दरी शेतमजुराच्या घराण्याने सलग ओलांडली असं दाखवायचं तर मृत्युपत्र, जहागिरीच्या न्यायसभेतली जमिनीची नोंद असा काहीतरी दुसरा पुरावा लागतो. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत बहुतेक वेळा शेजारच्या पॅरिशमधला त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा जॉन उचलून जोडलेला असतो. तुमच्या वंशवृक्षात १७५० च्या मागच्या एकेका पिढीपुढे कोणता कागद दिलाय ते पाहा. कागद नसेल तर ती पिढी पुस्तिकेत घेऊ नका, मन कितीही मोहात पडलं तरी.

काम अलीकडून पलीकडे करायचं. १९११ ची जनगणना आधी बघा, कारण इंग्लंडच्या जनगणनेत घरमालकाने स्वतः भरलेला कागद जपून ठेवलेला पहिल्यांदा तिथेच मिळतो. तुमच्या माणसाचं अक्षर दिसतं, शिवाय लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती जगली हेही त्यात आहे. तिथून दहा-दहा वर्षांनी मागे या. १८५१ हा मोठा टप्पा, कारण जन्माचं गाव नेमकं लिहायला तेव्हापासून सुरुवात झाली. १८४१ मध्ये फक्त ‘याच काउंटीत जन्म: हो की नाही’ आणि स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात, एवढंच विचारलंय आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलीत, म्हणजे ३४ वर्षांची बाई तिथे ३० ची दिसते. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या सूचीत मुलाच्या नावासोबत आईचं माहेरचं आडनावही मिळतं, ती सूची फुकट पाहता येते. पैसे देऊन दाखले मागवण्याआधी ती नीट चाळा.

जनगणनेत जन्माचं गाव प्रत्येक वेळी वेगळं दिसलं तर गोंधळू नका. एकदा वाडीचं नाव सांगितलं जातं, एकदा पॅरिशचं. कधी माणूस मुद्दाम राहत्या गावाचंच नाव सांगतो. त्या मुद्दाम सांगण्यामागे जी भीती होती तिच्याकडे पुढे येते.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या. श्रॉपशरच्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. सूचीतल्या नावावर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. इथे सगळ्यात मोठी अडचण सारख्या नावांची. तीन-चारशे वस्तीच्या गावात एकाच आडनावाची पाच घरं आणि प्रत्येक घरात एक जॉन, एक विल्यम, एक मेरी. अशा वेळी त्या आडनावाची त्या पॅरिशमधली प्रत्येक नोंद एका तक्त्यात उतरवा, आपली वाटणारी तेवढीच नव्हे. मग आधी दफनाच्या नोंदी बघा. तुम्ही ज्याला पूर्वज धरून बसलात तो जॉन तान्हेपणीच गेला असण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि त्याच आईबापांनी पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलेलं असतं.

लग्नाच्या नोंदीला मार्च १७५४ पासून ठरावीक नमुना आला: वधूवरांच्या सह्या किंवा फुली आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांवरून नात्यागोत्याचा अंदाज लागतो खरा, पण एकच नाव पानोपानी दिसत असेल तर तो चर्चचा कारकून आहे, तुमचा मामा नाही. बाप्तिस्म्याच्या छापील वह्या १८१३ पासून. एका पानावर आठ नोंदी, त्यात राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा. आणखी एक बारीक गोष्ट. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि कंगालांना तो माफ होता. त्या वर्षांत नावापुढे ‘पी’ (पॉपर, म्हणजे कंगाल) दिसला म्हणून घर भिकेला लागलं होतं असं लगेच ठरवू नका. पाद्रीने गरीब माणसाचे तीन पेन्स वाचवलेही असतील.

तारखांमध्ये एक खाच आहे, ती लक्षात नसेल तर सगळा हिशोब चुकतो. १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे वहीतला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२१. लग्न मे १७२० मध्ये आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७२० मध्ये दिसलं तर पोरीवर बोट ठेवू नका, नऊ महिने बरोबर भरलेत.

आता गाव उभं करायचं म्हणजे काय, ते दाखवणारा माणूस तुमच्या सासूबाईंच्या मुलखातलाच आहे. श्रूसबरीच्या उत्तरेला मिडल नावाचं पॅरिश आहे. तिथल्या न्यूटन वाडीतला रिचर्ड गॉफ हा बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी, जन्म १६३५ चा. १७०१ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने आपल्या पॅरिशचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यासाठी जी रचना योजली तिला तोड नाही. त्याने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला आणि एकेक बाक घेऊन त्यावर बसणाऱ्या घरांची हकीकत सांगत गेला. बाक माणसाच्या मालकीचा नसे, तो घराला किंवा शेताला जोडलेला असे. घर विकलं की बाकही नव्या धन्याकडे. चर्चची पट्टी भरणारे मोठे शेतकरी पुढे, झोपडीवाले मागे. म्हणजे बाकांचा नकाशा काढताच गावाची उतरंड आपोआप कागदावर आली.

गॉफने कुणाला वगळलं नाही. एका शेतकऱ्याची बायको रोज गुत्त्यावर जायची आणि नवऱ्याला एकेका वेळी दहा पौंडांची उधारी चुकती करावी लागायची, हे त्याने लिहिलंय. कुंपणाची लाकडं चोरून सरपण करणाऱ्या गुरांच्या वैदूची गोष्ट आहे. शेजारच्या गड्याने एका खुंटाला भोक पाडून त्यात बंदुकीची दारू भरली, वैदूने तो खुंट भट्टीत घातला आणि भट्टीचं छप्पर उडालं. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा आठ-नऊ वर्षांचा गॉफ मिडलच्या टेकडीवर तमाशा बघायला गेला होता. टेकडीच्या माथ्यावर हातात कागद घेऊन एक माणूस उभा, बाजूला जमिनीत रोवलेले भाले, आणि राजाच्या बाजूने लढेल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे चार शिलिंग आठ पेन्स मिळतील अशी दवंडी. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसं गेली, त्यांतली तेरा मेली. गॉफ त्यांची नावं देतो आणि लिहितो की तीन वस्त्यांतून एवढी गेली, तर सबंध इंग्लंडात किती हजार गेली असतील याचा अंदाज करा. त्या युद्धाच्या मोठमोठ्या लढायांबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण त्या तेरा जणांइतकं दुसरं काही मनात बसलेलं नाही.

तुमच्या खेड्याला गॉफ लाभलेला नसणार. पण त्याची रीत तुम्हाला उचलता येते, फक्त बाकांऐवजी घरं धरायची. १८३६ च्या कायद्याने शेतीच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा धान्यात द्यायची पद्धत मोडून पैशांत बसवली आणि त्यासाठी बहुतेक पॅरिशचे मोठ्या मापाचे नकाशे झाले. प्रत्येक घराला, शेताला, परसाला क्रमांक, आणि सोबतच्या खतावणीत मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, क्षेत्रफळ, पीक. हा नकाशा आणि १८४१ ची जनगणना शेजारी शेजारी ठेवा. जनगणना करणारा ज्या वाटेने गेला ती वाट नकाशावर बोटाने चालत जा. तुमच्या मजुराचं घर कुठल्या शेताच्या कडेला होतं, त्याचा धनी कोण, शेजारी कोण, हे तासाभरात दिसायला लागतं. मग लग्नाच्या वहीतला साक्षीदार शेजारचा निघतो, आणि एका घरात कामाला ठेवलेली बारा वर्षांची पोरगी दुसऱ्या घरातली तुमचीच लेक निघते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या कामाच्या पोटात आहे. मजुरांबद्दल काही सापडतं का? मधल्या थरातल्या, कुणाचं देणं नाही आणि कुणाकडे मागणं नाही अशा माणसापेक्षा जास्त सापडतं, कारण पॅरिशला त्यांच्यावर पैसा खर्च करावा लागला आणि जिथे पैसा तिथे हिशोब. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये गरिबांचे ओव्हरसियर नेमले जायचे. त्यांनी गावकऱ्यांकडून पट्टी वसूल करायची आणि गरजूंना द्यायची. त्यांच्या हिशोबवह्यांत आठवड्याची मदत, अमक्याच्या पोराला बूट, तमक्या विधवेला कोळसा, सुईणीचे पैसे, शवपेटीचे पैसे अशा ओळीच्या ओळी असतात. एका घरामागे अशा नोंदी सलग दहा वर्षांच्या लावून बघा. आधी फक्त हिवाळ्यात येणारी मदत पुढे बारमाही होते, मग सुईण, मग लहान शवपेटी, मग मोठी शवपेटी, आणि त्यानंतर मुलांना दुसऱ्याच्या शेतावर उमेदवार, म्हणजे शिकाऊ गडी, म्हणून बांधून दिल्याचे करारनामे. कुणी आत्मचरित्र लिहिलं नाही, तरी एका घराची पडझड महिन्यामहिन्याने समोर येते. असली पानं वाचल्यावर मी थोडा वेळ दुसरं काही हातात घेत नाही.

याहून मोलाचा कागद म्हणजे वस्तीच्या हक्काची चौकशी. १६६२ च्या कायद्याने ठरलं की गरजवंताला त्याच्या हक्काच्या पॅरिशनेच पोसायचं आणि परक्याला तिकडे परत धाडायचं. हक्क मिळायचे मार्ग ठरलेले: बापाचा हक्क मुलाला, नवऱ्याचा बायकोला, उमेदवारी केली असेल तिथला, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली असेल तिथला, आणि अविवाहित असताना पूर्ण एक वर्ष चाकरी केली असेल तिथला. हक्क ठरवायला दोन न्यायाधीशांसमोर माणसाची शपथेवर जबानी घ्यायचे. जन्म कुठे, कितव्या वर्षी कुणाकडे राहिलो, पगार किती ठरला, वर्ष पुरं केलं का, लग्न कुणाशी आणि कुठे, मुलं किती, त्यांची वयं काय. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याची अख्खी जीवनकथा एका पानात, खाली त्याची फुली. शेतकरी मुद्दाम वर्षाला काही दिवस कमी अशी चाकरी देत, म्हणजे गडी गावाच्या गळ्यात पडायला नको. जनगणनेत राहत्या गावातच जन्मलो असं सांगणाऱ्यांची भीती हीच: उद्या आजारी पडलो तर गाडीत घालून परत पाठवतील.

गॉफच्या लिखाणाचा शेवटचा भाग अशाच भांडणांचा आहे, मिडल विरुद्ध शेजारची पॅरिश, गरीब कुणाच्या माथी मारायचा यावरून. पहिला दावा मिडल हरलं, त्यानंतर एकही हरलं नाही, याचा त्याला उघड अभिमान वाटतो. तो प्रेमळ लेखक आहे, पण पट्टी भरणाराही आहे. त्याच्या पानांवर माझी भक्ती असली तरी त्या दाव्यांतल्या दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्या निकालाचं काय वाटलं असेल, ते लिहिणारं कुणी नव्हतं हे विसरता येत नाही. पुस्तिकेत ती बाजू तुम्ही लिहा, कारण तुमच्या सासूबाईंची माणसं त्याच बाजूची.

हे कागद बव्हंशी इंटरनेटवर नाहीत. चर्चच्या पेटीत असायचे ते. १६०३ च्या नियमानुसार त्या पेटीला तीन कुलपं, एक किल्ली पाद्रीकडे आणि दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. आता ते काउंटीच्या अभिलेखागारात आहेत, तुमच्यासाठी श्रूसबरीला. आधी सूची पाहा, पॅरिशच्या नावाखाली ‘ओव्हरसियर’ शोधा. अभिलेख क्रमांक टिपून मगच गाडी काढा. नेताना पेन्सिल न्या, शाई चालत नाही. मृत्युपत्रं वेगळीकडे: १८५८ पर्यंत ती चर्चच्या न्यायालयात सिद्ध व्हायची आणि उत्तर श्रॉपशर लिचफिल्डच्या बिशपकडे होतं. मजुराचं मृत्युपत्र क्वचितच मिळेल, पण त्याच्या धन्याचं वाचा. सोबतच्या मालमत्तेच्या यादीत शेजाऱ्यांनी खोलीखोलीतून फिरून किंमत लावलेली असते, गुरं, चीज, भांडी, अंथरूण. तुमचा पूर्वज ज्या गोठ्यात राबला तो गोठा त्यात आहे.

आता पुण्याची नात. आजोबांच्या घरात ‘नात’ म्हणून ती आहे आणि आईबाप दिसत नाहीत, म्हणजे बाप बहुधा सैनिक आणि तो किंवा आई किंवा दोघंही भारतात वारले. मोजक्याच सैनिकांच्या बायकांना पलटणीबरोबर यायची परवानगी असे. नवरा गेला की छावणीतली विधवा पुष्कळदा थोड्याच दिवसांत त्याच पलटणीतल्या दुसऱ्याशी लग्न करी. तेव्हा मुलीचं आडनाव जनगणनेत सावत्र बापाचं असेल, ही शक्यता धरून चाला.

मुंबई इलाख्यातल्या छावण्यांचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला मुंबईला पाठवत आणि तिथून त्या लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत, मुंबईच्या मालिकेला ‘एन ३’ म्हणतात, आणि फाइंडमायपास्टवर पाहता येतात. ‘पूना’ एवढ्यावर थांबू नका, किरकी म्हणजे आपली खडकीही शोधा, कारण घरी सांगताना सगळंच पूना व्हायचं. पुणे लष्करातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये, ज्याचा अभिषेक बिशप हेबरने १८२५ मध्ये केला, सैनिकांच्या मुलांचे बाप्तिस्मे होत. कुटुंब कॅथलिक असेल तर वेगळी नोंद शोधावी लागेल. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि पलटण असते, आणि तुम्हाला हवी आहे ती पलटणच.

पलटण कळली की दोन वाटा फुटतात. बाप राणीच्या पलटणीत असेल तर कागद लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई युरोपियन पलटणीत असेल तर पुन्हा ब्रिटिश लायब्ररीत. तो निवृत्तिवेतन घेऊन सुटला असेल तर क्यूच्या ‘डब्ल्यूओ ९७’ या मालिकेत त्याचा सुटकेचा कागद मिळू शकतो. त्यावर उंची, केसांचा रंग, भरतीआधीचा धंदा, किती वर्षं कुठे काढली आणि पहिल्याच ओळीत जन्माचं पॅरिश आणि जवळचं शहर लिहिलेलं असतं. तो भारतातच वारला असेल तर हा कागद नसणार, मग दफनाची नक्कल आणि पलटणीची हजेरी-पगारपत्रकं बघायची. मुलीचं नाव, १८६१ मधलं वय आणि आजोबांचं आडनाव कळवलंत तर एन ३ मधली कोणती वर्षं आधी चाळायची ते सांगते. सासूबाईंकडून तेवढ्यात जुन्या फोटोंच्या मागे त्यांच्याच हाताने नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलीने, कडेला, जोर न देता.